हिरामणाच्या मोटारीचे नाक उतरविल्याची हकीकत

श्रीएकवीरा प्रसन्न. शके अठराशे ब्याऐंशी, शार्वरीनाम संवत्सरे, वैशाख मासी, कुलाबा प्रांती नागावनजीक कोळवाड्यात विलायती मोटारीचे नाक उतरविले, त्याची हकीकत लोक नाना प्रकारे सांगतात, आणि जे त्या दिवशी अलिबागेच्या बाजारात होते तेच अधिक सांगतात. सबब आम्ही, जे मांडवी जातीने हजर होतो आणि पहिल्या पंक्तीस बसलो, खरे ते लिहवितो.

हिरामण म्हणजे मुंबईच्या एका शेठजींचा ड्रायव्हर. उमर गेली ती परक्यांच्या लेकी मांडवाच्या दारी पोचविण्यात. बायको मागेच निवर्तली, आणि एकुलती मैना त्याने एकट्याने वाढविली, आणि मनी हौस एकच, जे मैना सासरी जाईल ती मोटारीतून आणि उतरेल ती थेट बोहल्यापाशी. पुढे लेक परक्याची होते, मग बापाच्या हाती काय राहते? हे ऐकून शेठजी मेहरबान जाहले आणि नवी मोटार एका दिवसाच्या बोलीने दिधली. मोटार अजब. चाकांवर पोलादी पाटे नाहीत, हवेच्या पिशव्या. इंजीन चालू तोवर पंप हवा भरी, आणि ओझे चढले की आणखी भरी, जेणेकरून शेठजींच्या पोटातले पाणी न हालावे. परंतु पेणेपुढील रस्त्याने मोटारीची हाडे खिळखिळी केली, आणि पुढल्या पिशव्यांची कळ फितूर जाहली, आणि मोटारीने नाक ऐसे वर केले की हिरामणास काचेतून माडांचे शेंडे तेवढे दिसत, रस्ता मैनेने खिडकीबाहेर मान काढून सांगावा.

ऐशा थाटाने स्वारी वरपिते बुधाजी तांडेल यांच्या मांडवी दाखल जाहली, आणि तेथेच घात जाहला. मांडवाच्या तोंडी आडवा वासा, तो मुहूर्तमेढीस बांधिलेला, आणि मोटारीचा टप त्याहून चार बोटे उंच. नाक खाली येते तर मोटार सुखरूप आत जाती. वासा सोडावा म्हणोन कोणी हात घातला, तोच विहीण वेणूबाई यांचे फर्मान सुटले, जे मेढ निघेल ती पाचवे दिवशी, तोवर हालवील तो आमचा सोयरा नव्हे; नवरीने चालत यावे, पाय देवाने दिले आहेत. हिरामणाचे तोंड एवढेसे जाहले. आम्हांस फार वाईट वाटले.

मग बुधाजींनी मसलत केली, जे होडीचे नाक वर जाहले तर पुढे वजन टाकितात, मोटार काय निराळी? आणि मिठाच्या गोणी बॉनेटावर चढविल्या, आणि नाक खाली आले, आणि बँडवाल्यांनी फत्तेची गत धरिली, आणि हिरामणाने इंजीन चालू केले. तो पंपाने दम घेतला आणि गोण्यांसुद्धा नाक पूर्ववत आभाळी. मग गोण्या उतरवून खात्यापित्या घरच्या पाच कोळिणी, अंबाड्यात अबोली माळलेल्या, आघाडीस चढविल्या. मोटारीने त्याही उचलल्या, आणि वरून समुद्र बरा दिसतो म्हणोन त्या उतरेनात. तेव्हा वेणूबाई संतापल्या, जे आमच्या दारी आमच्याहून नाक वर करणारी ही कोण? आणि पदर खोचून खासा बॉनेटावर आरूढ जाहल्या. मोटार कण्हली, वाकली, कोळवाडा श्वास धरून राहिला, आणि विहीणबाई सावकाश, सन्मानपूर्वक, आकाशमार्गे गेल्या. हसले एक बुधाजी, त्याचे फळ त्यांस पुढे वर्षभर मिळाले.

मुहूर्त घटकेवर आला. भटजी घड्याळ बघून खाकरू लागले. तेव्हा मैना मागच्या गादीवरून म्हणाली, "बाबा, इंजान बंद करा. होरी काय आपल्या पायान किनाऱ्यावं येते? तुमी निस्तां सुकान धरा, लोक वढतील."

हिरामणाचा जीव तुटला. ढकललेली मोटार म्हणजे ड्रायव्हराच्या इभ्रतीस बट्टा, आणि तीही लेकीच्या लग्नात. परंतु त्याने आरशात मैनेचे हळदीचे तोंड पाहिले आणि चावी फिरविली. पिशव्यांची हवा सोडिली, आणि जी मोटार कोणास बधली नव्हती ती फुसफुसत वाकली आणि तिने मांडवास मुजरा केला. मग कोळिणी उतरल्या, आणि होडीचा दोर बांधिला, आणि अवघ्या कोळवाड्याने आरोळी देऊन ओढिली, आणि वेणूबाई उतरण्यास राजी नव्हत्या सबब मान लववून त्यांच्यासह, मोटार वाशाखालून पार जाहली. हिरामणाने सुकाणू धरून भोंगा ऐसा वाजविला की मंगलाष्टकाचे पहिले कडवे कोणासच ऐकू आले नाही. मैना उतरली ती थेट बोहल्यापाशी.

लग्न लागले, तो दुसरे संकट उभे. मोटारीचे पोट मांडवाच्या वाळूत रुतले. इंजीन चालू करावे तर नाक वर, आणि नाक वर तर बाहेर पडताना वाशास अडून मेढ उखडणार; न करावे तर मोटार हालेना. सबब पाचवे दिवशी मेढ निघेतो हिरामणास व्याह्यांकडेच मुक्काम पडला. लेकीच्या घरी बापाने पाणी पिऊ नये ऐसा रिवाज, आणि हा गृहस्थ रोज तिच्या हातचे बोंबलाचे कालवण खाऊन मोटारीत झोपे. मुंबईस शेठजी बसने हिंडत होते, त्यांच्या तारा येत, त्या वेणूबाई चुलीत घालीत.

पाचवे दिवशी मेढ निघाली, आणि मोटारीने नाक वर केले, आणि हिरामण सुकाणूपाशी बसला. मैनेने त्याच्या हातावर दही घातले, आणि दारात उभी राहून रडली, आणि वेणूबाईही रडल्या, जे घर आता सुने होईल. लेकीची पाठवणी मुलुखभर होते. आमच्या कोळवाड्यात त्या साली बापाची जाहली.