नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव

दसऱ्याला आमची सगळी सोसायटी गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवते आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडते. आमचे धुरी काका लिंबं ठेवतात, हार घालतात, नारळ वाढवतात, आणि मग चाकाशी उकिडवे बसून ती लिंबं एकेक करून बत्त्याने फोडतात. गाडी जागची हलत नाही. पहिल्या वर्षी मी कारण विचारलं, तर म्हणाले, पुढे एक मीटर, मागे एक मीटर, दोन मीटर फुकट का घालवायचे? शिवाय गाडी मागे घेतली म्हणून आकडा काही मागे येत नाही. "गेलो किलोमीटर परत येवचो नाय," असं म्हणून त्यांनी चौथं लिंबू फोडलं आणि त्याचा रस माझ्या नव्या झब्ब्यावर उडाला.

काका मुलुंड पूर्वेला आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते आणि हे स्वतः एकतीस वर्षं बसच्या डेपोत. तिथे यांचं काम एकच. आत आलेली बस किती किलोमीटर चालली ते लिहायचं आणि त्यावरून तिला दुरुस्तीला पाठवायचं की परत रस्त्यावर, ते सांगायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण जगाकडे बघायची नजर तीच राहिली. आम्ही जुना फ्रीज आणला तेव्हा दारात उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "किती चाललाय?" माझ्या सासूबाई एकदा गुडघे दुखतात म्हणाल्या, तर यांनी त्यांची शाळा, बाजार, देऊळ अशी सगळी अंतरं विचारून घेतली आणि सांगितलं की तुमचे लाखाच्या वर गेलेत, आता कुरकुरणारच. सासूबाई त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे फिरकल्या नाहीत. काकांचे हे उपकार मी विसरणार नाही.

अशा माणसाच्या घरी विजेवर चालणारी, आलिशान, परदेशी गाडी आली. आणली त्यांच्या मुलीने, केतकीने. केतकी आणि मी एका शाळेत, एका बाकावर नसलो तरी एका वर्गात होतो. ती पुढे हुशार निघाली, मी इथेच राहिलो. वांद्र्याच्या एका मोठ्या कंपनीत ती बऱ्याच वरच्या जागी होती. गाडी घेऊन दीड वर्ष होतंय न होतंय तोच तिला कॅनडाची नोकरी मिळाली. जाताना कागदांवर सह्या करून ठेवल्या आणि वडिलांना म्हणाली, बाबा, दोन महिन्यांत विकून टाका, या गाड्यांचे भाव फार लवकर उतरतात.

त्याला आता सव्वादोन वर्षं झाली.

काका विकायला नाही म्हणाले नाहीत. उलट त्यांनी कंबर कसली. केतकी गेली तेव्हा गाडीचा आकडा नऊ हजार नऊशे नव्वद होता, आणि बाजारात पहिल्याच दलालाने विचारलं ते, "किती चाललीय?" दहा हजारांच्या आत आहे म्हटल्यावर तो खूश झाला. काका तर भरून पावले. आपण एकतीस वर्षं जे लिहीत आलो त्याला बाहेर एवढी किंमत आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या दिवसापासून त्यांनी त्या आकड्याची राखण सुरू केली.

खिशात त्या गाडीची चावी आणि हातात भाजीची पिशवी घेऊन काका रिक्षाची वाट बघत उभे राहायचे. सर्व्हिसिंगला गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून न्यायचे, त्यामुळे ती सतत बिघडते अशी तिची आख्ख्या एरियात बदनामी झाली. एका जागी उभं राहून टायर बसतो म्हणून दर पंधरवड्याला ती पाव चाक पुढे घ्यायची असायची. टायरवर खडूची खूण केलेली. काका आत, मी बाहेर चाकाशी वाकलेला, आणि खूण खाली आली की मी "बस, बस" म्हणून ओरडायचं. एकदा मला शिंक आली आणि अर्धं चाक गेलं. आठवडाभर ते माझ्याशी तुटक बोलत होते. चार्जिंग साठ टक्क्यांच्या वर कधी नाही. बॅटरी पूर्ण भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. माणसानेही दोन घास कमीच खावेत, असं वर मला ऐकवायचे.

मी त्यांना समजावलं नाही असं नाही. अहो काका, तुमच्या बसचं इंजिन चालून झिजायचं. ही बॅटरी नुसती उभी राहूनही जुनी होते. दर वर्षी नवीन मॉडेल येतं, तीच बॅटरी आणखी लांब जाते, आणि तुमची गाडी न चालता स्वस्त होते. वॉरंटीला वर्षंही असतात, नुसते किलोमीटर नसतात. काका सगळं शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "वर्षां माझ्या हातात नाय रे. आकडो आसा."

रोज संध्याकाळी दिवेलागणीला ते फडकं घेऊन खाली उतरत. गाडी पुसत आणि मग पंधरा-वीस मिनिटं आत बसत. काका उंच आणि काटकुळे. त्या स्टिअरिंगमागे ते गुडघे छातीशी घेऊन, एखादी छत्री मिटून कोंबावी तसे बसलेले दिसत. पोरंटोरं हसायची. मीही हसायचो. काकू गेल्याला सहा वर्षं झाली होती, घरात टीव्हीशिवाय कुणी बोलणारं नव्हतं, आणि एवढी महाग गाडी असून हा माणूस तिच्यात पाय लांब करून बसत नाही, याचा मला रागही यायचा.

दिवाळीनंतर केतकीचा फोन आला. तिने तिकडे घर घेतलं होतं. मला म्हणाली, "प्रसाद, बाबांच्याने ती गाडी विकली जाणार नाही रे. तूच बघ. कुणीतरी सांगितलं, ते कुठे जातच नाहीत, संध्याकाळभर त्या गाडीत बसून राहतात. मला इथे झोप लागत नाही. ती गाडी गेली ना, तर निदान बाहेर तरी पडतील."

मी जाहिरात टाकली. दहा दिवसांत पक्कं गिऱ्हाईक आलं. घाटकोपरचे डॉक्टर सामंत, दातांचे डॉक्टर. अगदी हळू बोलणारा, मोजकं बोलणारा माणूस. भाव फोनवरच ठरला, पण त्यांची एक अट होती. आकडा दहा हजारांच्या आत पाहिजे. ते म्हणाले, "बॅटरीला त्याने काही फरक पडत नाही, मला माहीत आहे. पण उद्या मी विकायला काढली की समोरचा आधी तोच आकडा बघणार." हे वाक्य मी काकांना सांगितलं. काकांना माणूस पसंत पडला असावा असं मला वाटलं, कारण ते काहीच बोलले नाहीत.

रविवारी सकाळी डॉक्टर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, दरवाजे उघडून पाहिले, टायरच्या फटींत छोटा टॉर्च मारून आत बघितलं. आता गाडीला आ करायला सांगतात की काय असं मला वाटलं. मग सोबतच्या यंत्राने बॅटरीची तब्येत तपासली आणि पहिल्यांदा हसले. फार छान ठेवलीय, म्हणाले. काका फडक्याने आधीच स्वच्छ असलेलं बॉनेट पुसत राहिले.

आकडा होता नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव. चक्कर मी मोजून आखली होती. सोसायटीतून हायवेच्या सिग्नलपर्यंत दोन, तिथून वळून परत दोन. नऊ हजार नऊशे पंच्याण्णवला आपण घरी. डॉक्टर बसायच्या आधी काकांनी आत वाकून पडद्यावरचं पाहुण्यांचं बटण दाबलं. त्या पडद्यावर दुसऱ्या कुणी चालवायचं असेल तर एक वेगळं बटण असतं, आणि काकांना तेवढं एकच येतं. मग ते डॉक्टरांच्या शेजारी बसले, मी मागे.

गाडी निघाली ती आवाजच न करता. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि नजर आकड्यावर. "ब्याण्णव," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "त्र्याण्णव." सव्वादोन वर्षं पाव-पाव चाक सरकवलेली गाडी, आणि समोर हा परका माणूस ती सरळ रस्त्याने नेत होता. मध्ये एक टेम्पो आडवा आला, मी डोळे मिटून घेतले.

सिग्नल दिसायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मला काही बघायचं राहिलं नाही. उद्या कागद करू. फक्त एक, गाडी घेतल्यावर मी सगळं रीसेट करून घेईन हं. आधीच्या मालकांचं नाव, सीटची सेटिंग, सगळं पुसून. कोरी करून."

काकांनी आकड्यावरची नजर काढून बाहेर बघितलं. डॉक्टरांनी वळायचा दिवा लावला.

"इथून नको," काका म्हणाले. "पुढून घ्या."

"पुढून? पुढे ऐरोलीचा पूल आहे ना?"

"पुलावर गाडी खरी कळते."

मी मागून काकांच्या खांद्याला हात लावला. काका, अहो, आकडा. त्यांनी मान वळवली नाही. डॉक्टर भिडस्त माणूस, म्हाताऱ्याचा मान म्हणून त्यांनी दिवा बंद केला आणि गाडी पुढे घेतली. पूल म्हणजे एकदा चढलात की चढलात. वळायचं तर थेट ऐरोलीत उतरून. दोन्ही बाजूंना खाडीचा चिखल, आणि मी आतल्या आत बेरीज करत होतो. पलीकडे उतरलो तेव्हा सत्त्याण्णव. वळलो तेव्हा अठ्ठ्याण्णव. आता डॉक्टरांच्याही लक्षात आलं होतं. त्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो हे त्या दिवशी मला फार जाणवलं. परतीच्या पुलावर नव्याण्णव झाले, आणि तेव्हा मी बाजूने काकांचा चेहरा पाहिला. परीक्षेला बसलेल्या मुलाचा असतो तसा तो ताठ झाला होता. मग पडद्यावर चारच्या जागी पाच आकडे आले आणि काकांनी श्वास सोडला.

"झाले," ते म्हणाले. "दहा हजार."

डॉक्टरांनी सोसायटीच्या फाटकापाशी गाडी उभी केली. हळूच म्हणाले, आता भाव थोडा वेगळा करावा लागेल. काकांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मग राहू देत, म्हणाले, आणि चावी घेण्यासाठी हात पुढे केला. आयुष्यात मी त्यांना इतकं हलकं झालेलं पाहिलं नव्हतं.

मी डॉक्टरांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो, माफी मागायला लागलो. ते म्हणाले, "अहो, माझ्याकडे रोज येतात असे. दात दुखतोय म्हणून येतात, आणि खुर्चीत बसले की म्हणतात, राहू द्या." मला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं ज्या माणसाला मी कंजूष आणि हट्टी समजत होतो, त्याला एका दातवाल्याने अर्ध्या तासात ओळखलं होतं. काका आकडा गिऱ्हाइकासाठी राखत नव्हते. गिऱ्हाईक येईपर्यंतचे दिवस राखत होते.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. काय झालं म्हणून विचारलं. मी खोटं बोललो, आणि त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

"नाही जमलं गं. किलोमीटर जास्त झालेत, भाव येत नाही."

"जास्त? अरे, पण बाबा तर ती चालवतच नाहीत."

"चालवतात. तुला सांगत नसतील. आज ऐरोलीला जाऊन आले."

ती नाक ओढत म्हणाली, "बाबा बाहेर पडतात? मग नको विकूस. राहू दे ती."

आता हे खोटं खरं करणं मला भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरची बेल वाजवली आणि म्हटलं, काका, चला, केतकी म्हणाली गाडी विकायची नाही, पण आपल्याला किलोमीटर वाढवायचेत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आत जाऊन चावी आणि फडकं घेऊन आले.

गाडीचं दार उघडून ते बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर होतो, म्हणून मला दिसलं. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली, हॅलो केतकी. आणि काकांची सीट आपोआप पुढे सरकली, पाच फुटी केतकीला हवी तेवढी, काकांचे गुडघे स्टिअरिंगला टेकेपर्यंत. मी म्हटलं, काका, सीट मागे घ्या की.

"नको. तिची बसायची जागा आसा ती. एकदा हलली तर माका परत लावूक येवची नाय."

"मग ते पाहुण्यांचं बटण दाबा ना. तुमच्यापुरती मागे होईल."

काकांनी फडक्याने आरसा पुसला. त्यात त्यांना काही दिसत नव्हतं, तो आरसाही केतकीच्याच उंचीचा होता.

"मेल्या," ते म्हणाले, "मी काय पावणो आसंय?"

मी मान बाहेर काढून मागचं बघितलं आणि रस्ता मोकळा आहे म्हणून सांगितलं. दहा हजार चारला आम्ही फाटकाबाहेर पडलो.