कुणाचं अडलंय?

अरे ऐका ना, आमच्या ऑफिसात मीटिंगच्या खोलीतला पंखा सुट्टीभर चालू राहिला आणि त्यापायी एक बाई नोकरीला मुकली. हसू नका, सगळं नियमाला धरून झालंय!

आमचे साहेब मूळचे प्रोग्रामर. तो गरगरणारा पंखा बघून त्यांचा जीव तळमळला. म्हणाले, "प्रोग्राममध्ये बघा! एखाद्या वस्तूचं काम संपलं की ती जाता जाता आपलं आपण आवरून जाते. उघडलेली फाइल बंद करते, अडवलेली जागा सोडते. सांगावं लागतं का कुणी? मग माणसांनाच काय धाड भरलीय?"

झालं! 'आपोआप आवराआवर प्रणाली' जन्माला आली. लिहिली आमच्या फत्तेताईनं. हातात घेतलेलं काम फत्ते केल्याशिवाय ही बाई चहासुद्धा घेत नाही, म्हणून हे नाव. नियम एकच: ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, ते आवरायचं.

खोली रिकामी झाली की पंखा बंद. काय टाळ्या पडल्या! मग हिशेबनीस काका हात धुवायला गेले, तेवढ्यात त्यांची खुर्ची 'विनावापर' ठरून दुसऱ्या मजल्यावर गेली. काका परत येऊन उभेच. साहेब म्हणाले, "काका, प्रणालीला आपपरभाव नाही." तेव्हापासून काकांनी पाणी पिणंच कमी केलंय.

पण साहेब वस्तूंवर थांबतील तर ना! त्यांनी प्रणालीत माणसं घातली. आम्हाला वाटलं, आता ढकलराव आणि टोलवराव गेले. कारण ह्या दोघांकडे मिळून एकच फाइल. हा म्हणतो, त्याची सही झाली की मी करतो; तो म्हणतो, आधी ह्याची होऊ दे. कित्येक वर्षं हेच! पण प्रणालीनं काय बघितलं? ह्याच्यावाचून त्याचं अडलंय, त्याच्यावाचून ह्याचं. दोघंही अत्यावश्यक! वर बढती.

आणि आवरलं कुणाला? फत्तेताईला! तिच्याकडे काहीच तुंबलेलं नाही, कुणी तिच्या नावानं खोळंबलेलं नाही. सकाळी तिचं कार्ड दारात चालेना. मेल बंद, कपाट रिकामं, आभाराचं पत्रसुद्धा आपोआप गेलेलं.

"साहेब, ह्यात चूक आहे," ती काचेपलीकडून ओरडली.

"चूक? अहो ताई, प्रणाली तुम्ही लिहिलीय. तुमच्या कामात कधी चूक असते का?"

मी धावत बाहेर गेलो. म्हटलं, "ताई, अगं एखादं काम तरी अर्धवट ठेवायचंस!"

"अर्धवट?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला चोरी करायला सांगतोय. "म्हणजे कसं ठेवतात?"

तिला नाही कळलं, आम्हाला मात्र लगेच कळलं. आता आमच्याकडे कुणी काहीच पूर्ण करत नाही. काकांनी सगळ्यांचे पगार एका सहीवर लटकवलेत. साहेब खूश! सगळ्यांना सांगतात, आमच्याकडे एकही फालतू माणूस उरला नाही.

हा बघा, माझा फोन पुन्हा वाजतोय. वाजू दे. उचलला तर काम होऊन जाईल ना त्यांचं!

पण मला एक सांगा, आपण केव्हाचे इथं गप्पा हाणतोय... तुमच्यापैकी एकाचा तरी वाजला का रे?