व्याह्यांचा क्लब

आपला संघ जिंकायला लागला की डॉक्टर करमरकर घाबरतात. दोन गोल झाले की खुर्चीच्या कडेला येतात, तिसरा झाला की किचनमध्ये जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासतात. एकदा चौथा झाला, तेव्हा हाताचा साबण न धुता बाहेर येऊन मला म्हणाले, "नितीन, हे काही खरं नाही. बंद कर तो टीव्ही."

दोष त्यांचा नाही, फुटबॉल ते स्कॉटलंडमध्ये शिकले. पुण्याहून गेलेला हा माणूस बावीस वर्षं ग्लासगोजवळच्या एका गावात राहिला आणि तिथल्या क्लबावर जीव लावून बसला. त्या काळात क्लबाने एक चषक जिंकला असेल तर शपथ. "हरायलाही शिस्त लागते रे," असं काका अभिमानाने सांगतात. पुढे ते इथे आयर्लंडमध्ये, एनिसला हॉस्पिटलमध्ये आले, रिटायर झाले, काकू गेल्या. आता आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच. क्लबाचा किरमिजी मफलर मात्र हॉट प्रेसमध्ये, म्हणजे टॉवेल वाळवायच्या गरम कपाटात, घडी घालून जपलेला असतो.

भाषाही त्यांनी तिकडूनच आणली. छोटं ते सगळं 'वी'. "बस, एक वी चहा घे." आणि 'हो'च्या ऐवजी 'आय'. माझी आई कोल्हापूरहून आली होती, तेव्हा ती काहीही विचारो, हे आपले "आय, आय" करायचे. घरी येऊन ती म्हणाली, "एवढं म्हातारं झालं, तरी आईची आठवण काढतंय बघ बिचारं."

अशा माणसाने, जर्मनीत विश्वचषक होणार होता त्या वर्षी, अचानक एक बलाढ्य जर्मन क्लब धरला. तोही असा, की तो हरला तरच बातमी होते. दर शनिवारी दुपारी सामन्याआधी मला बोलावणं यायचं. काका वहीत खेळाडूंची नावं आणि जर्मन शब्द देवनागरीत लिहायचे आणि मी त्यांची परीक्षा घ्यायची.

"ऑफसाइड?"

"आपझाइट्स."

"गोल?"

"टोर. आपलं तोरण यातूनच आलं असणार."

"तोरण त्याहून जुनं आहे, काका."

"मग त्यांनी नेलं असेल."

शेवटी मी विचारलंच. "तुम्हाला त्यांचं जिंकणं सोसत नाही. मग हा छळ कशासाठी?"

"व्याह्यांचा क्लब आहे," ते म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले.

मग हळूहळू बाहेर आलं. त्यांची एकुलती एक मुलगी अनघा जर्मनीत नोकरीला होती. दोन वर्षांपूर्वी तिने तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि काका रागाने लग्नाला गेले नाहीत. "स्वयंगोल केला मी," ते म्हणाले. तेव्हापासून अनघा दर रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, पण "बाबा, या" म्हणत नाही. मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि बोलावणं व्याह्यांनीच करायचं, ही करमरकरांची रीत. त्या जर्मन व्याह्यांना आपल्यावर अशी काही जबाबदारी आहे याची सुतराम कल्पना नव्हती. त्यांना इंग्रजी येत नाही आणि ते चाळीस वर्षं त्या क्लबाचे सभासद आहेत, एवढंच काकांना ठाऊक होतं.

"तुम्हीच अनघाला सांगा ना, मला यायचंय म्हणून."

"कोणत्या तोंडाने?"

ईस्टरच्या रविवारी मी काकांकडे असताना अनघाने सासरहून फोन केला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. "सासऱ्यांना दे," काका म्हणाले. गळ्यात मफलर, हातात वही. व्याही फोनवर येताच त्यांनी गोलकीपरपासून सगळा संघ धडाधड म्हणून दाखवला आणि शेवटी जोरात "टोर!" म्हटलं. पलीकडे एक म्हातारा आनंदाने ओरडत होता, "या! या, या!"

फोन ठेवून काका माझ्याकडे वळले. "ऐकलंस? तीनदा 'या' म्हणाले."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, चूक दिसली की हात शिवशिवतात. "काका, जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'."

"माहीत आहे रे. वहीच्या पहिल्या पानावर आहे." ते मफलरचे गोंडे कुरवाळत राहिले. "पण दोन वर्षांत मला 'या' कुणी म्हटलं नव्हतं."

मला माझीच लाज वाटली.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "अनू, तुझे सासरे मला या म्हणाले."

अनघाला तर जर्मन माझ्याहून चांगलं येत होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "या म्हणाले. कधी येताय?"

काकांनी दोनदा "आय, आय" म्हटलं. मग फोन माझ्या हातात देऊन ते किचनमध्ये गेले, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागले.