गिळण्याची रेघ

दरवर्षी डोंगरातल्या गवताला तुरे आले की शैलजा हडकरची अन्ननलिका तिवरी घाटातल्या एका ठरावीक उंचीखाली बंद असते. परागकणांची ॲलर्जी, असं डॉक्टरांचं निदान. तुरे वर सरकतात तशी ही हद्दही वर सरकते, म्हणून बांधकाम खात्याचे मुकादम अंतू मोरे रोज सकाळी रस्त्यावर पांढरी रेघ मारून जातात. रेघेच्या वर शैलजा व्यवस्थित जेवते. खाली तिच्या घशातून पाणीही उतरत नाही.

तुळशीची लग्नं उरकली आणि तिचं लग्न निघालं. मांडव अर्थातच घाटात, रेघेच्या बराच वर घातला. सासरे गोविंदराव गुरव शिस्तीचे. अक्षता वेळेवर पडल्या, पंगतही वेळेवर बसली. सकाळपासून उपाशी असलेल्या शैलजाला नवरदेवाने, श्रीरंगाने, जिलबीचा घास भरवला आणि तो छातीच्या मधोमध अडकला. मोठ्या मुश्किलीने तिने तो परत काढला.

मोरेंना बोलावलं. त्यांनी उतारावर नजर फिरवली आणि सांगितलं की उन्हाने तुरे भराभर फुलताहेत, हद्द मांडव ओलांडून गेली आहे. गोविंदराव म्हणाले की बसलेली पंगत उठवायची पद्धत नाही, सूनबाईंनी मागाहून जेवावं. आपल्याच लग्नात उपाशी राहायचं, या विचाराने शैलजाचे डोळे भरून आले.

श्रीरंग आपलं पान दोन्ही हातांवर तोलत उठला.

"बाबा, तुमचं चालू द्या. ही जेवेल तिथे मी जेवतो," तो म्हणाला आणि घाट चढू लागला.

शैलजा शालू सावरत त्याच्यामागे निघाली. मग तिच्या मावश्या उठल्या, मग सगळी पंगतच पानं घेऊन उठली. आचाऱ्यांनी पातेली टेम्पोत चढवली. प्रत्येक वळणावर श्रीरंग तिच्या तोंडात पाण्याचा थेंब घाली आणि ती मान हलवून नाही म्हणे. हद्द पुढे, मंडळी मागे. शेवटी शैलजाने ओचा खोचला आणि ती पळतच सुटली. तिला दम लागला होता आणि हसूही आवरत नव्हतं.

माथ्यावर थेंब घशाखाली गेला.

"उतरला," ती म्हणाली. मंडळींनी एकच गलका केला आणि रस्त्यावरच पानं मांडली.

तिने पुरी संपवली तोच मोरेंनी तिच्या पावलांपाशी रेघ मारली. घाट तिथेच संपत होता. शैलजा दगडावर चढली, मग टेम्पोच्या बॉनेटवर, मग टपावर. श्रीरंगही पान घेऊन वर गेला. दोघं जिलब्यांवर तुटून पडली.

गोविंदराव सर्वांत शेवटी धापा टाकत पोचले. त्यांनी मान वर करून टपाकडे पाहिलं. मंडळींचे घास हातातच थांबले. मग त्यांनी वाढप्याच्या हातातलं पातेलं घेतलं आणि टाचा उंचावल्या.

"सूनबाई, मसालेभात वाढू का?"

शैलजाने वाकून पान पुढे केलं. मोरेंनी टेम्पोच्या दारावर, काचेच्या जरा खाली, रेघ मारली आणि तेही पंगतीला बसले.