मधुकररावांचं नाव कागदावर नको

साऱ्या नागपुरात कंप्यूटरची पहिली पत्रिका आपल्याच हातून निघणार, हे मधुकरराव ज्योतिष्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि मधुकररावांनी ठरवलं म्हणजे विषय संपला! सन अठ्ठ्याऐंशी. कंप्यूटर आला, प्रिंटर आला, पत्रिकेचा प्रोग्राम फ्लॉपीत बसून आला. उद्घाटन दसऱ्याला. तोवर भिंतीपलीकडच्या ओमप्रकाश पंडिताला वाससुद्धा लागता कामा नये, नाहीतर तो आधी बाजी मारायचा.

अडचण एकच होती. रोख पैसे मोजूनही प्रोग्राम कुलूपबंद आला होता. सोबतचा फॉर्म भरून पुण्याच्या कंपनीला पाठवायचा, कंपनी बारा आकडे कळवणार, ते टाकले की कुलूप उघडणार. आणि रामदासपेठेतल्या त्यांच्या गल्लीचा पोस्टमन रोज चहाला टेकायचा तो नेमका ओमप्रकाशच्या ओट्यावर. चहा होईस्तोवर ओमप्रकाश सगळ्या पाकिटांवरचे पत्ते वाचून काढी.

"सोपं आहे," मधुकरराव बायकोला म्हणाले. "फॉर्म मी स्वतः पारशिवनीले माझ्या दोस्ताच्या, नत्थूजीच्या हातात देतो. तो भिवापूरले तुझ्या भावाकडे धाडेल. शालिकराम तिथून कंपनीले टाकेल. उत्तर याच वाटेनं उलटं येईल. कोणालेच पूर्ण गोष्ट माहीत नाही. आहे का नाही डोकं?"

"अन् शालिकरामले सांगितलं काय?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"पाकिटात चिठ्ठी ठेवली. माझं नाव कागदावर कुठंच आलं नाही पाहिजे, बाकी तू भर."

"त्यापेक्षा एकदा पुण्यालेच जाऊन आले असते."

"तुले नाही समजत वं हे."

महिन्याभराने भिवापूर, पारशिवनी असे मुक्काम करत बारा आकडे घरी पोचले. मधुकररावांनी ते एकेक करून टाकले आणि कुलूप उघडलं! त्या दिवशी ते घरातल्या घरात छाती काढून चालत होते. छापून मात्र पाहिलं नाही. प्रिंटरची किरकिर भिंतीपलीकडे गेली असती ना!

दसऱ्याला अंगणात मांडव पडला. शंभर माणूस जमलं. ओमप्रकाशला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. पहिली पत्रिका गल्लीतल्या कुसुमताईंच्या नातवाची. मधुकररावांनी कुंकू वाहिलं, बटण दाबलं आणि प्रिंटर किरकिरू लागला. कागद बाहेर येताच ओमप्रकाशने पुढे होऊन तो उचलला आणि खड्या आवाजात वाचला:

"ज्योतिषी श्री. शालिकराम, मिरचीचे ठोक व्यापारी, भिवापूर."

मधुकररावांनी दुसऱ्यांदा छापलं. पुन्हा शालिकराम! फॉर्मवर एक रकाना होता, 'पत्रिकेवर छापायचे ज्योतिष्याचे नाव'. शालिकरामने भावजींचा शब्द तंतोतंत पाळला होता, आणि रकाना रिकामा ठेवू नये म्हणून आपलं नाव, धंदा, गाव घातलं होतं. कंपनीने ते बारा आकड्यांतच गुंफून टाकलं. आता ते काढायचं म्हणजे नवा प्रोग्राम विकत घ्यावा लागणार.

"महाराज," ओमप्रकाश गोड हसून म्हणाला, "हे शालिकरामजी कोण होत गा?"

"माझा साळा आहे तो! राशी किती असतात हेही त्याले माहीत नाही!"

तोवर कुसुमताई पत्रिका वाचून काढत होत्या. नातवाला चौथ्या वर्षी पाण्याचं भय, बरोबर. सातव्या वर्षी हाड मोडलं, तेही बरोबर. त्यांनी कागद डोळ्यांना लावला.

"असं नोको बोलू, महाराज. माणसानं जळू नये. पोटाले मिरची विकतात, म्हणजे विद्येचे पैसे घेत नसतील ते."

मांडवभर माना हलल्या. ज्यांनी आपल्या जन्मवेळा लिहून आणल्या होत्या, त्यांनी चिठ्ठ्या हळूच खिशात परत घातल्या. मधुकररावांनी हजार सांगितलं, यंत्र माझं आहे, गणित माझं आहे. कोणी ऐकेना. नाव तर छापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताई दारात उभ्या.

"महाराज, मी भिवापूरले चालली. तुमच्या नात्यातले आहेत, तर ओळखीची एक चिठ्ठी द्या."

नाही म्हणवेना. मधुकररावांनी चिठ्ठी लिहिली आणि खाली स्वतःचं नाव घातलं, वडिलांच्या नावासह, पदव्यांसह, पत्त्यासह. चार ओळी झाल्या. पाचवी सुरू केली तशा कुसुमताई म्हणाल्या, "एवढं काहून लिहून राहिले, महाराज? ते ज्योतिषी आहेत. कोणी पाठवलं ते त्यायले न सांगता समजते."