शिशाच्या रणात हैबतराव गिरजाबाईंची ताटातूट जाहली त्याचे वर्तमान

श्री अग्निनारायणास दंडवत. कढत्या मुलखात भारी जोडप्यांचे काय जाहले ऐसे पुसिलेत, त्याचे वर्तमान ऐकिले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर, कार्तिक वद्यपक्षी शिशाच्या दोन अणूंचे गर्भ समोरासमोर धावोन आले आणि ऐसे आदळले की आतील घरे मोडोन क्वार्क नामे सारे सूक्ष्म कण मोकळे जाहले आणि मुलखाचा नुसता कढत रस जाहला. हे राज्य पापणी लवण्याआधीच बुडाले, परंतु आत नांदणाऱ्यांस तेच युग. पहिल्याच आघातात भारी क्वार्कांची जोडपी जन्मली. त्यांत हैबतराव आणि गिरजाबाई हे मोहक नामक क्वार्क घराण्यातील, अंतर राखोन ऐसपैस संसार करणारे. शेजारी मल्हारजी आणि येसाबाई हे सुंदर नामक घराण्यातील, देहाने अधिक भारी आणि गुडघ्यास गुडघा लावोन बसणारे. मग कढ वाढला आणि हलक्या क्वार्कांची झुंड जोडप्यांचे मधोमध घुसली. मल्हारजी येसाबाईंमध्ये बोट शिरावयास फट नव्हती, ते बचावले. हैबतराव हाका मारीत राहिले आणि गर्दीत हाक पोहोचेना आणि गिरजाबाईंचा हात सुटला.

त्या मुलखाची रीत ऐसी की वेशीबाहेर एकट्याने जाणे नाही. रस निवू लागला की हाताशी सापडेल त्याचा हात धरोन निघावे, मग जन्मभर तेच बिऱ्हाड. हैबतरावांस धास्ती तीच. इकडे वेशीवर भारी जोडपे आले की नगारा वाजवावा ऐसा दरबारचा शिरस्ता. परंतु कारभारी विसाजीपंत, ज्यांची हुशारी नेहमी एक मजल पुढे धावे, ते बोलिले, "इतुक्या कढात कोण उरतो? नगारा उतरवा." आणि नगारा कोठीत गेला आणि पंतांनी सुतकाचे स्नानही आरंभिले.

मग मुलूख पसरला आणि निवू लागला. हलक्यांपैकी ठमाबाई लगबगीने आल्या आणि म्हणाल्या, "राव, वेळ जाहली. धरा माझा हात, सारे ऐसेच निघताहेत."

हैबतराव म्हणाले, "बाई, तुम्हांवर राग नाही. पण आणखी एक हाक मारून पाहतो."

रण थोर, म्हणोन मोहक घराण्यातील मंडळीही उदंड जन्मली होती आणि गल्लोगल्ली हिंडत होती. हाक दिली तो गर्दीतून एक वजनदार हात आला आणि आवाज आला, "आले हो." मग दोघे हात धरोन वेशीकडे निघाले. मल्हारजी येसाबाई पुढे पोहोचलेच होते आणि मागून ऐशाच जुळलेल्या मोहक जोडप्यांची रीघ लागली. नगारा कोठे? पंत ओल्या धोतरानिशी धावले आणि स्नानाचे घंगाळच बडविते जाहले.

मग पंतांस शंका आली. त्या घराण्यात साऱ्यांची मुखे एकसारखी. पुसिले, "राव, ह्या त्याच गिरजाबाई ना?"

बाई म्हणाल्या, "पंत, हे तेच राव काय, ते मीही पुसिले नाही. यांनी हाक मारिली, मी आले."

एकूण वर्तमान इतुकेच, की मुलूख बुडाला आणि जोडपी वेशीबाहेर सुखरूप आली. लिहिणाराचा जीव भांड्यात पडला.