हेल्मेट घालून तुळशीला पाणी

आमच्या समोरचे इंगळे सर दर सोमवारी सकाळी सव्वासातला हेल्मेट घालून तुळशीला पाणी घालतात. त्यांच्याकडे मोटारसायकल नाही. सायकलही नाही, मी खात्री करून घेतली आहे.

मंगळवारी धोतरावर टाय असतो. बुधवारी स्वेटर, तोही मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत. नांदुऱ्यात आम्ही मागच्याच वर्षी राहायला आलो; घरं समोरासमोर, मधे अकरा पावलांचा रस्ता. त्यामुळे पाहणं टळत नाही. शेवटी मी विचारलंच.

"विसंगती!" सर म्हणाले. बत्तीस वर्षं शाळेत काढलेली; समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "बैल गोठ्यात उभा हाये. हासू येते का?"

"नाही."

"अन् सोफ्यावर बसला त?"

मी हसलो.

"पाहा! जे जिथं नसाले पाह्यजे ते तिथं दिसलं का हासू येते. आता समजा, सोफा तुमचा हाये."

माझं हसू थांबलं. आमचा सोफा तीन महिन्यांपूर्वीच घेतलेला आहे.

"हे दुसरं कलम," सर म्हणाले. "कोनाचं नुकसान नाई झालं पाह्यजे."

"पण सर, हे सगळं कशासाठी?"

"तांब्या रिकामा झाला," असं म्हणून ते आत गेले.

गेल्या सोमवारी सव्वासात झाले, सात वीस झाले, तुळशीपाशी कोणी नाही. मी रस्ता ओलांडून गेलो. सर तापाने फणफणलेले, खाटेवर. इंगळेकाकू खिडकीत तांदूळ निवडत होत्या आणि पुन्हा पुन्हा मान वर करून तुळशीकडे पाहत होत्या.

"पाच वर्स झाले, तिले आयकू येत नाई," सर हळूच म्हणाले. तिला ऐकू येत नसताना हळूच बोलायची काय गरज, हे मी विचारलं नाही. "आंधी मी रोज एक जोक सांगो. पोट धरून हासे. आता सांगाव कसा? म्हून दाखवतो. आज पयला खाडा."

खुंटीवर हेल्मेट होतं. मी ते घेऊन बाहेर गेलो, डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि तांब्या तुळशीत रिता केला. वरचं बटण न लावता गल्लीत कधी आलो नाही असा मी माणूस.

खिडकीतून हसू फुटलं. काकूंना स्वतःचं हसू ऐकू येत नाही, म्हणून ते बेताचं येत नाही. तीन घरांची दारं उघडली.

"आयकलं, आयकलं," आतून सरांचा बारीक आवाज आला. मग जरा वेळाने, "उद्या मंगळवार हाये. तुमच्यापाशी धोतर हाये का हो?"